मंगळावरच्या मगरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विक्रोळीत राहतो. पवई तलावाच्या काठावर डिसेंबरातल्या एका सकाळी पहिल्यांदा मगर पाहिली. जबडा उघडा टाकून ती उन्हात निश्चल पडली होती आणि मागून बसगाड्यांचा आवाज येत होता. तेव्हापासून डोक्यात एकच विचार घोळतोय : हिला दुसरीकडे कुठे, अगदी मोकळ्या जगात सोडलं, तर हिची पिढ्यानपिढ्यांची वाट कुठे जाईल? त्यातूनच मंगळाच्या वह्या भरत गेल्या. वाचणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न येतात, आणि त्यातले बरेच प्रश्न माझ्या आराखड्यातली भोकं नेमकी दाखवतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. कल्पना कुठली आणि विज्ञान कुठलं हे जमेल तिथे वेगळं सांगितलंय.

हा नेमका प्रकार काय आहे?

कल्पित उत्क्रांती. माणसानं मंगळावर हवा-पाणी आणलं, काही जीव सोडले आणि नंतर तो तिथे परतलाच नाही, असं गृहीत धरलंय. सोडलेल्या जिवांमधला सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे मगर. ३ कोटी वर्षांनी तिचे वंशज कसे असतील, हा खेळ.

नियम एकच आहे. प्रत्येक बदलाची पायरी दाखवता आली पाहिजे, आणि त्या पायरीवरचं जनावरही पोट भरून, अंडी घालून जगलेलं असलं पाहिजे. ‘पुढे कामाला येईल’ म्हणून कोणी अर्धामुर्धा अवयव लाखो वर्षं बाळगत नाही.

मगर तर डायनोसॉरच्या काळापासून बदललेलीच नाही. ती मंगळावर काय बदलणार?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि यातला पहिला अर्धा भागच चुकीचा आहे. माझ्या सगळ्या वह्यांचा पाया इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

मगरींच्या कुळाची सुरुवात २० कोटी वर्षांहून जुनी. त्यातले आरंभीचे पूर्वज सडपातळ, लांब पायांचे आणि जमिनीवर पळणारे होते. पाणी नंतर आलं. पुढे या कुळानं काय काय केलं ते पाहा. मादागास्करचा सिमोसुकस मीटरभरही लांब नव्हता. बोथट तोंडाचा, पानासारख्या दातांचा हा प्राणी बहुधा वनस्पती खायचा. टांझानियात सापडलेल्या पाकासुकसचा आकार मांजराएवढा आणि दात सस्तन प्राण्यांसारखे, पुढचे वेगळे, दाढा वेगळ्या. ब्राझीलचा बाउरूसुकस कोरड्या जमिनीवरचा शिकारी. जुरासिक काळातल्या मेट्रिओरिंकिड मगरी तर समुद्रातच राहायला गेल्या : पायांची वल्ही झाली, शेपटीला माशासारखं पंख फुटलं, पाठीवरचं चिलखत गेलं. दक्षिण अमेरिकेत सेबेसिड नावाच्या जमिनीवरच्या शिकारी मगरी डायनोसॉर संपल्यावरही कोट्यवधी वर्षं टिकल्या.

म्हणजे हा भरलेला बाजार होता. बाकीची दुकानं एकेक करून बंद पडली आणि पाण्याकाठी दबा धरून बसणारं एक दुकान चालू राहिलं. आपण त्या उरलेल्या दुकानाकडे बघतो आणि म्हणतो, यांचा धंदा पहिल्यापासून हाच. जमिनीवरची जागा आधी डायनोसॉरांनी, मग सस्तन प्राण्यांनी अडवली होती. मंगळावर ती जागा रिकामी आहे, आणि मला विचारायचंय ते एवढंच की रिकामी जागा मिळाली तर मगर काय करते.

कोणत्या मगरीपासून सुरुवात केली? पवईतल्याच का?

जात तीच. भारतात तीन जाती : गोड्या पाण्यातली मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि घडियाल. आपल्या गावाकडे सुसर आणि मगर हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात; इथे मगर म्हणजे गोड्या पाण्यातली. पवई, विहार, तुळशी या तिन्ही तलावांत तिची वस्ती आहे. चिपळूणला वाशिष्ठीत आहे, सांगलीला कृष्णेत आहे.

ही निवड प्रेमापोटी केली हे खरं, पण कारणंही आहेत. ही मगर इराणच्या रखरखीत बलुचिस्तानापासून श्रीलंकेपर्यंत राहते. तळं आटलं की जमिनीवरून चालत दुसरं पाणी शोधते. उन्हाळ्याचा कडाका आणि थंडी टाळायला बीळ खणते. धरणात, कालव्यात, माणसानं केलेल्या तलावातही संसार थाटते. विहार १८६० मध्ये बांधून झाला, तुळशी १८७९ मध्ये, पवई १८९१ च्या सुमारास, आणि तिन्ही ठिकाणी ती रुळली. खाऱ्या पाण्यातली मगर आकारानं मोठी असली तरी नव्या जगात पहिली हजार वर्षं काढायला मला हीच जास्त भरवशाची वाटते.

मंगळावर हवा-पाणी आणणं खरंच शक्य आहे का?

आज माहीत असलेल्या मार्गांनी नाही. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या १ टक्क्याहूनही कमी आहे. ब्रूस जॅकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी २०१८ मध्ये हिशोब मांडला की ग्रहावरचा हाताशी येण्याजोगा सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी दाब पुरेसा वाढणार नाही. त्यामुळे हवा बाहेरून आणली असं मी गृहीत धरतो. कथेतली ही एक मोठी उडी आहे. त्यानंतर मात्र उड्या मारायच्या नाहीत.

जे बदललेलं नाही ते मंगळाचंच आहे : गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के, सूर्यप्रकाश ४३ टक्के, दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं.

मातीत विष आहे म्हणतात ना?

परक्लोरेटचे क्षार आहेत. ते पाण्यात सहज विरघळतात आणि काही जिवाणू ते फोडून खातात. मगरी सोडण्याआधी हे काम उरकलं, असं धरून चालू.

त्यांना सोडलं कुठे?

व्हॅलेस मरिनेरिस या दरीत. लांबी सुमारे ४,००० किलोमीटर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर आत मावून वर उरेल. खोली काही ठिकाणी ७ किलोमीटर. ती विषुववृत्ताजवळ आहे, आणि तळ खोल असल्यानं तिथे हवा दाट आणि ऊबदार राहणार. माझ्या नकाशात दरीच्या तळाशी लांबलचक सरोवरं आहेत. पूर्वेकडच्या टोकाला जुन्या महापुरांनी कोरलेले मार्ग क्रायसी मैदानाकडे उतरतात, आणि तिथून पुढे उत्तरेचा समुद्र. हा उतार लक्षात ठेवा.

दक्षिणेतलं हेलास खोरं मंगळावरचं सर्वांत खोल म्हणून पुष्कळांनी सुचवलं होतं. पण ते ४० अंश दक्षिणेला आहे, आणि मंगळाची कक्षा लंबगोल असल्यानं दक्षिणेचा हिवाळा १७८ मंगळदिवसांचा, लांब आणि कडक. आपली मगर तिथे पहिल्याच हिवाळ्यात गारठून मेली असती.

सोबत कोणते जीव नेले?

मरळ, तिलापिया, शिंगाळा, खेकडे, गोगलगायी, गांडुळं, भरपूर कीटक, बेडूक आणि निवटी, म्हणजे चिखलावर येणारा मासा. झाडांत तिवर, गवतं, उंबराच्या कुळातली झाडं. पक्षी नाहीत, सस्तन प्राणी नाहीत, पाली-साप नाहीत. हा निर्णय मुद्दाम घेतलाय. एक उंदराची जोडी जरी गेली असती तरी जमिनीवरचे सगळे धंदे तिच्या नातवंडांनी बळकावले असते.

बेडकांबद्दल थोडं. वरळीच्या टेकडीत, दख्खनच्या लाव्हारसाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात, छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. आजूबाजूला लाव्हा वाहत होता आणि मधल्या काळात साचलेल्या डबक्यांत बेडकांची वीण चालू होती! नव्या, उघड्याबोडक्या जगात बेडूक टिकतील का, अशी शंका आली की मला वरळी आठवते.

निवटी भरती-ओहोटीशिवाय जगेल कशी?

वरळी कोळीवाड्यातल्या एका वाचकानं हे विचारलं आणि माझी दोन महिन्यांची मेहनत मोडीत काढली. त्यांचे मनापासून आभार. मंगळाचे दोन्ही चंद्र चिमुकले, सूर्यही लांब. त्यामुळे भरती जवळपास नाहीच. आपल्याकडे निवटी चिखलावर येते ती ओहोटीला उघड्या पडलेल्या पट्ट्यात. मग दिवसातून दोनदा पाणी हटणारच नसेल तर?

उत्तर मंगळाच्या लांब वर्षात सापडलं. ध्रुवांवरचा बर्फ ऋतूनुसार वितळतो आणि गोठतो, त्यामुळे सरोवरांची पातळीही वर्षातून एकदा चढते आणि एकदा उतरते. चिखलाचा पट्टा वर्षातून एकदाच उघडा पडतो, पण महिनोन् महिने. ज्या निवट्या ओल्या बिळात जास्त दिवस काढू शकल्या, त्याच उरल्या. आता माझ्या दरीत हातभर लांबीच्या निवट्या आहेत आणि मगरीच्या पिल्लांचं निम्मं जेवण त्यांच्यावर चालतं.

कमी गुरुत्वाकर्षण म्हणजे राक्षसी मगरी, बरोबर?

जमिनीवर थोड्याफार, पाण्यात नाही. पाण्यात तरंगणं हे प्राण्याच्या आणि पाण्याच्या वजनाच्या तुलनेवर ठरतं, आणि मंगळावर दोन्ही सारखीच हलकी होतात. त्यामुळे सरोवरातल्या मगरीला काहीच सवलत मिळत नाही.

जमिनीवर गंमत आहे. २०० किलोची मगर तिथे ताणकाट्यावर ७६ किलो भरेल. पाय सरळ खाली घेऊन, पोट उचलून चालण्याची जी ‘उंच चाल’ मगरी इथे थोडा वेळ करतात, ती तिथे दिवसभर परवडते. पण वस्तुमान २०० किलोच राहतं. ते वेगात आलं की थांबवायला आणि वळवायला तेवढीच ताकद लागते, आणि जमिनीवरची पकड मात्र ३८ टक्के. म्हणजे पळणारी मगर वळणावर घसरणार. शिवाय पायी चालण्याचा कमाल वेग गुरुत्वाकर्षणाच्या वर्गमुळानुसार कमी होतो. मंगळावर तो इथल्या सुमारे ६२ टक्के. त्यापुढे उड्या माराव्या लागतात, जशा चंद्रावर अंतराळवीरांनी मारल्या.

ऑस्ट्रेलियातली गोड्या पाण्यातली मगर आजही घाबरली की चौखूर उधळते, म्हणजे उडीचा साचा या कुळात आहे. त्यातून माझी ‘धावरी’ आली : अडीच मीटर लांब, पाय शरीराखाली, मागची नखं खिळ्यांसारखी लांब, शेपूट जड आणि वळताना तोल धरणारी. दात शंकूसारखे राहिलेले नाहीत. चपटे, करवती काठांचे झालेत. सेबेसिडांचे तसेच होते. जमिनीवर भक्ष्य धरून गिरकी घेणं तिला जमत नाही, कारण उचलून आपटायला वजन नाही आणि टेकायला पकड नाही. म्हणून ती कापते.

अंड्यांचं काय? मगरीत नर-मादी तापमानावर ठरतात ना?

हो, आणि सगळ्या प्रकल्पातली सर्वांत अवघड गाठ हीच. मगरीत लिंग ठरवणारी गुणसूत्रं नसतात. आपल्या मगरीची अंडी सुमारे २८ ते ३१ अंश सेल्सिअसला उबली तर सगळ्या माद्या, ३२.५ च्या आसपास नर. दीड अंशाचा खेळ! घरट्याची माती थोडी गार राहिली की पूर्ण पिढी माद्यांची.

आता मंगळ बघा. पृथ्वीचा आस आपला चंद्र सांभाळतो. त्याचा कल २२ ते २४.५ अंशांच्या दरम्यान हलतो. मंगळाला असा राखणदार नाही. त्याचा कल आज २५ अंश आहे, पण गणितं सांगतात की ५० लाख वर्षांपूर्वीपर्यंत तो सरासरी ३५ च्या आसपास होता, आणि कोट्यवधी वर्षांच्या पल्ल्यात तो ० ते ६० अंशांपर्यंत भरकटू शकतो. म्हणजे ऋतूंची तीव्रताच बदलत राहते. एखाद्या मगरवंशाची घरटी लाखभर वर्षं नीट उबतात, मग हळूहळू नर दुर्मीळ होत जातात.

पहिल्या आराखड्यात मी सरळ गुणसूत्रं आणून बसवली होती. ती पळवाट होती, फाडून टाकली. आता तीन वेगवेगळे वंश तीन वाटांनी जातात.

पहिल्या वंशाची वाट म्हणजे जास्त वेळा अंडी घालणं. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँक या मगरींच्या संवर्धन केंद्रात आपल्या मगरीच्या माद्यांनी एकाच वर्षात दोनदा अंडी घातल्याचं पाहिलं गेलंय. ६८७ दिवसांच्या वर्षात तीन-चार वेळा घालायला वाव आहे. एक घरटं गार काळात, एक गरम काळात. माद्या पहिल्यातून, नर दुसऱ्यातून.

दुसऱ्या वंशानं जागा बदलली. दरीच्या भिंतीवर तळापासून वर जाताना तापमान उतरत जातं. मादी योग्य उंचीची कपार शोधते, आणि ज्या माद्यांची निवड चुकते त्यांचा वंश खुंटतो. या चढउतारातूनच ‘कडेचढी’ झाली, हातभर लांबीची, आखूड तोंडाची, आकडेबाज बोटांची. न्यू कॅलेडोनिया बेटावर मेकोसुकस नावाची लहान, बहुतांशी जमिनीवरची मगर होतीच, त्यामुळे मगर लहान होऊन जमिनीवर राहू शकते का, हा प्रश्न उरत नाही.

तिसरी वाट मला सर्वांत प्रिय आहे. मगरीची आई घरट्याजवळ पहारा देते, पिल्लांचा आवाज ऐकून माती उकरते, त्यांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. एवढी माया आधीपासून आहे. या वंशातली मादी घरट्यावरचा पालापाचोळा रोज कमी-जास्त करते, ऊब आपल्या जबड्याच्या कातडीनं जोखते. मगरीच्या जबड्यावर सूक्ष्म संवेदी ठिपके असतात आणि ते दाबाबरोबर तापमानाचा फरकही टिपतात, म्हणून ही पायरी मला खरी वाटते.

३ कोटी वर्षं एवढ्या बदलाला पुरतात?

डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. ५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत उडणारी वटवाघळं मिळतात. सस्तन प्राण्यांना १.४ कोटी वर्षं पुरली. मगरींच्या जनुकसंचात बदल फार सावकाश साचतात, असं २०१४ मध्ये तीन जातींचे जनुकसंच वाचल्यावर दिसलं. म्हणून मी दुपटीहून जास्त वेळ दिलाय. एका पिढीला १५ वर्षं धरली तर २० लाख पिढ्या होतात.

शाकाहारी मगर पटत नाही.

मलाही सुरुवातीला पटत नव्हती. पण २०१९ मधल्या दातांच्या अभ्यासानुसार लुप्त मगरकुळात वनस्पती खाणं किमान तीन वेळा स्वतंत्रपणे उपजलं. आणि आजच्या कित्येक जातीही अधूनमधून फळं खाताना दिसल्या आहेत.

माझी ‘पाचोळी’ उंबराखाली सुरू होते. पडलेल्या उंबरांत किडे असतात. पिल्लं किड्यांसाठी उंबर गिळतात. ज्यांना फळाचा गरही पचतो ती दुष्काळात तगतात. पुढे मागचे दात रुंद होतात. मगरी पोटात दगड गिळून ठेवतात, ते पाला भरडायला कामी येतात. आज ती डुकराएवढी आहे आणि कळपानं राहते. धावरीचं मुख्य भक्ष्य तीच.

‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ : मंगळावर ही म्हण खरी ठरेल का?

हा प्रश्न एका शाळकरी मुलीचा, आणि इतका नेमका की त्यावर एक पूर्ण वही झाली. मगरीच्या पाठीवरचे हाडांचे पट्टे चिलखत तर आहेतच, शिवाय त्यांत रक्तवाहिन्या असतात, ऊन शोषायला त्यांची मदत होते, आणि अंडी घालताना मादी त्यांतलं कॅल्शियम काही प्रमाणात वापरते. सूर्यप्रकाश ४३ टक्के असताना ऊन शोषणारी पाठ कोण सोडेल? म्हणून दरीतल्या बहुतेक मगरींची पाठ कडकच आहे, पाचोळीची तर जास्तच.

मऊ पाठ एकीचीच : ‘वल्ही’. क्रायसीच्या उतारावरून जी पिल्लं महापुरात उत्तरेच्या समुद्रात वाहत गेली, त्यांचे हे वंशज. मेट्रिओरिंकिडांसारखंच इथेही चिलखत गेलंय, कारण भर समुद्रात ते अंगावरचं ओझं. खारं पाणी सोसायला जिभेवरच्या क्षारग्रंथी या कुळात आधीपासून आहेत.

मग वल्ही पिल्लांना जन्म देते का?

नाही. आज जिवंत असलेल्या मगरी आणि पक्षी यांच्यातली एकही जात पिल्लं जन्माला घालत नाही. सगळी अंडीच घालतात. ही भिंत फोडायला मला पायरी सापडली नाही. वल्ही वर्षातून एकदा कासवासारखी फरफटत वाळूवर येते. तिथे तिचं वजन ३८ टक्के असणं हा तिला मिळालेला मोठाच दिलासा आहे.

उडणारी मगर?

नाही. कडेचढी एका कपारीतून दुसरीवर झेपावते, इतकंच. पंख फडफडवायला सतत ताकद लागते. मगरीचे स्नायू थोडा वेळ जोर लावतात आणि लवकर थकतात.

त्या हुशार होतील का?

आत्ताही आहेत. पाणपक्षी घरट्यासाठी काटक्या शोधतात त्या दिवसांत आपल्या मगरी तोंडावर काटक्या तोलून पाण्यात निश्चल थांबतात, हे मद्रास क्रोकोडाइल बँकेत पाहिलं गेलं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. मंगळावर पक्षी नाहीत, त्यामुळे ही युक्ती तिथे पहिल्या काही पिढ्यांतच हरवली असणार. लिहिताना वाईट वाटलं.

मगरींची एकच मादी उरली तर वंश संपला?

लगेच नाही, कदाचित. कोस्टा रिकात १६ वर्षं एकटी ठेवलेल्या अमेरिकन मगरीच्या मादीनं २०१८ मध्ये अंडी घातली आणि त्यातल्या एकात पूर्ण वाढलेला गर्भ होता, नराशिवाय तयार झालेला. तो जिवंत मात्र नव्हता. यावर मी वंश उभा करणार नाही; पण पुरात वाहून गेलेल्या एकट्या मादीची गोष्ट लिहायला हात शिवशिवतात.

पवईला मगर बघायला कधी जाऊ?

डिसेंबर-जानेवारीत, सकाळी ऊन वर आल्यावर. खडक आणि गवताळ काठ दुर्बिणीनं हळूहळू न्याहाळा. लाकडाचा ओंडका वाटतो तिथे दोन मिनिटं थांबा. फेब्रुवारीपासून माद्या काठावर अंडी घालतात, तेव्हा पाण्याजवळच्या मातीत पाय ठेवू नका. खायला काही टाकू नका, दगड मारू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला पहिल्या अनुसूचीत जागा दिली आहे. भर वस्तीत किंवा नाल्यात पिल्लू दिसलं तर हात न लावता वन विभागाला कळवा. २०२३ च्या ऑक्टोबरात दादरच्या जलतरण तलावातही असं एक पिल्लू सापडलं होतं. आणि वही घेऊन जा. उंच चाल बघायला मिळाली तर मागच्या पायाचा कोन काढून ठेवा. धावरीच्या नितंबाचं हाड मला अजून नीट जमलेलं नाही.